तान्ह्यांच्या कानात तेल नको

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पावसाने जोर धरला की बेळगावच्या सीमाभागात कणकुंबी-जांबोटीपासून निपाणी-चिकोडीपर्यंत घरोघरी तान्ह्या मुलांना सर्दी होते. सर्दीच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी, बहुधा रात्री, बाळ एकाएकी किंचाळून रडू लागते. कान ठणकत असणार हे घरातल्या जाणत्या बाईच्या लगेच लक्षात येते आणि बरेचदा तो अंदाज खराही असतो. मग पळीत तेल तापते, त्यात लसणाची पाकळी पडते आणि ते कोमट तेल कानात सोडले जाते. त्या तेलाविषयी, आणि त्याऐवजी काय करावे याविषयी, हे पत्र आहे.

बाळाचा कान बाहेरून दुखत नाही, आतून दुखतो. कानाचा पडदा आणि त्यामागची छोटी पोकळी घशाशी एका नळीने जोडलेली असते. मोठ्या माणसात ही नळी सुमारे साडेतीन सेंटिमीटर लांब आणि चांगलीच उतरती असते. तान्ह्या बाळात ती जवळपास निम्मी आणि आडवी असते. सर्दीने नळीचे अस्तर सुजते आणि तोंड बंद होते. पडद्यामागे पाणी साचते, नाक-घशातले जंतू तिथे पोचले की त्याचा पू होतो आणि पडदा आतून फुगतो. ठणका लागतो तो या ताणाचा. ६ महिने ते २ वर्षे या वयात हे सर्वांत जास्त होते. नेमके याच वयात दात येतात, म्हणून 'दात येताहेत, कान दुखणारच' असे म्हटले जाते. दात आणि कान यांचे वय एक आहे, कारण एक नाही. वारा लागून किंवा अंघोळीचे पाणी जाऊनही हे होत नाही, कारण पडदा शाबूत असताना बाहेरचे काहीच आत जात नाही. कुंची ऊब म्हणून जरूर घाला, पण तिने हे दुखणे अडत नाही.

आता तेलाचे पाहा. शाबूत पडद्यातून तेलही आत जात नाही, म्हणजे ते दुखण्यापर्यंत पोचतच नाही. उलट तीन अडचणी होतात. तेल जरा जास्त तापले तर कानाची नाजूक कातडी भाजते. पडद्याला आधीच भोक पडले असेल तर तेल थेट आतल्या पोकळीत उतरते. आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी कानात पाहिले तर तेलाच्या थरामागे पडदा नीट दिसत नाही, त्यामुळे निदान अंदाजाने करावे लागते. अंगावरचे दूध, कांद्याचा किंवा तुळशीचा रस यांनाही हेच लागू. आजींचा जीव तुटतो म्हणूनच त्या तेल घालतात, याची आम्हाला पूर्ण जाणीव आहे. म्हणून नुसते 'नको' न सांगता त्या रात्री नेमके काय करायचे ते इथे सविस्तर लिहितो.

कान दुखतोय हे ओळखायचे कसे? कान ओढणे ही एकटी खूण भरवशाची नाही, बाळ झोप आली तरी कान चोळते. जास्त बोलक्या खुणा वेगळ्या आहेत. बाळ हपापून दूध ओढायला लागते आणि दोन घोटांत तोंड सोडून रडते, कारण चोखताना कानावर ताण येतो. आडवे ठेवले की रडणे वाढते, खांद्यावर उभे धरले की कमी होते. सोबत ताप, कधी उलटी, कधी पातळ शी. पुष्कळदा पोटाचे औषध चालू राहते आणि कान बघायचाच राहून जातो.

त्या रात्रीचे खरे औषध पॅरासिटामॉल, आणि तेही तोंडावाटे. मात्रा वयावर नव्हे, वजनावर ठरते: दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. दोन मात्रांत ६ तासांचे अंतर ठेवावे, अगदीच गरज पडली तर ४ तासांचे, आणि २४ तासांत ४ पेक्षा जास्त वेळा देऊ नये. चुका होतात त्या बाटलीवरून. हे औषध दुकानात तीन ताकदींत मिळते. नळीवाले थेंब असतात त्यांत १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असतात. साध्या सिरपमध्ये ५ मिलिलिटरला १२० किंवा १२५, आणि कडक सिरपमध्ये ५ मिलिलिटरला २५०. म्हणजे ८ किलोच्या बाळाची १२० मिलिग्रॅमची मात्रा थेंबांतून द्यायची तर १.२ मिलिलिटर, साध्या सिरपमधून ५ मिलिलिटर आणि कडक सिरपमधून २.४ मिलिलिटर होते. सिरपच्या सवयीने कोणी थेंबांचेच ५ मिलिलिटर पाजले तर बाळाला चौपट औषध जाते, आणि ते यकृतावर बेतते. थेंबांच्या सवयीने सिरपचे १ मिलिलिटर दिले तर ठणका काही थांबत नाही आणि 'या औषधाने काही होत नाही' असे वाटू लागते. म्हणून बाटलीवरचा आकडा दर वेळी वाचावा आणि औषध टोपीने, नळीने किंवा सुई काढलेल्या सिरिंजने मोजावे. घरचे चमचे एकमापाचे नसतात. आयबुप्रोफेन हे वेदनेचे दुसरे औषध ६ महिन्यांच्या आतल्या बाळाला देऊ नये, आणि जुलाब-उलट्या होऊन अंगातले पाणी कमी झाले असेल तर त्याहून मोठ्या मुलालाही नको. निमेसुलाइड या वेदनाशामकावर भारतात १२ वर्षांखालील मुलांसाठी २०११ पासून बंदी आहे. मोठ्यांच्या अंगदुखीच्या गोळीचा तुकडा उगाळून देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे, कारण तशा बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉलबरोबर निमेसुलाइडही असते. ॲस्पिरिन मुलांना द्यायचेच नाही.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला तर घरी काहीच करत बसू नये. ते बाळ त्याच वेळी दवाखान्यात गेले पाहिजे.

मोठ्या तान्ह्याला सकाळी दाखवले तरी चालते, मात्र दाखवताना दोन्ही कान दिव्याच्या यंत्राने, म्हणजे ओटोस्कोपने, पाहिले जातील असे बघावे. आईने बाळाला मांडीवर आडवे, एका कुशीने बसवावे. एक हात बाळाच्या कपाळावर ठेवून डोके स्वतःच्या छातीशी घट्ट धरावे, दुसऱ्या हाताने त्याचे दोन्ही हात कवेत घ्यावेत आणि पाय आपल्या मांड्यांत धरावेत. डोके हलले तर यंत्राचे टोक लागते, म्हणून सैल धरणे ही माया नव्हे. रडणाऱ्या बाळाचा पडदा रडण्यानेही लाल होतो, त्यामुळे नुसत्या लालीवर निदान होत नाही. पडदा बाहेर फुगलेला असणे ही खरी खूण.

आता प्रतिजैविकांचे, म्हणजे अँटिबायोटिक औषधांचे. प्रत्येक दुखऱ्या कानाला ती लागत नाहीत. बरेचसे कान दोन-तीन दिवसांत आपोआप ओसरतात. ६ महिन्यांच्या आतले बाळ, दोन वर्षांच्या आत दोन्ही कान सुजलेले, १०२.२ फॅरनहाइट म्हणजे ३९ अंशांवर ताप, ४८ तासांहून जास्त टिकलेला ठणका, किंवा वाहणारा कान, यांना औषध लगेच सुरू करतात. बाकीच्यांत दोन-तीन दिवस फक्त वेदनेचे औषध देऊन वाट पाहता येते, पण त्या मुदतीत परत दाखवायचे हे ठरलेले हवे. 'वाट बघा' म्हणणारे डॉक्टर टाळाटाळ करत नसतात. इंजेक्शनचा आग्रह धरू नये, कारण या दुखण्यात बहुतेक बाळांना पोटात घेण्याचे ॲमॉक्सिसिलिन पुरते.

हे औषध कानाच्या दुखण्यात मोठ्या मात्रेत लागते, दिवसाला दर किलोमागे ८० ते ९० मिलिग्रॅम, दोन वेळांत विभागून. म्हणजे ८ किलोच्या बाळाला ५ मिलिलिटरला २५० ताकदीचे सिरप सकाळ-संध्याकाळ ७-७ मिलिलिटर. 'एवढ्याशा पोराला एवढे?' म्हणून निम्मे देणारी घरे पुष्कळ आहेत. त्याने जंतू मरत नाहीत, फक्त त्या औषधाला सरावतात. याच हिशेबाने ३० मिलिलिटरची बाटली दोन दिवसांत संपते. बाटली संपली म्हणजे औषध पूर्ण झाले नाही. किती दिवस हे डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्यावे. दोन वर्षांच्या आत ते बहुधा १० दिवसांपर्यंत असते, सरकारी आरोग्य केंद्राच्या पद्धतीत ५ दिवस देऊन पुन्हा तपासतात.

ॲमॉक्सिसिलिनच्या भुकटीची बाटली घरी आणल्यावर आधी ती हातावर आपटून भुकटी मोकळी करावी. उकळून पूर्ण गार केलेले पाणी निम्म्यापर्यंत घालून जोरात हलवावी, मग खुणेच्या रेषेपर्यंत पाणी भरून पुन्हा हलवावी. फेस बसला की पातळी रेषेखाली जाते, तेव्हा परत रेषेपर्यंत भरावे. हे शेवटचे भरणे बहुतेक जण विसरतात आणि औषध जास्त कडक होते. दर वेळी हलवूनच मात्रा काढावी. ॲमॉक्सिसिलिनमध्ये क्लॅव्युलॅनिक ॲसिड मिसळलेले सिरप फ्रीजमध्येच टिकते, तेही ७ दिवस. घरी फ्रीज नसेल किंवा पावसाळ्यात वीज दोन-दोन दिवस जात असेल तर हे डॉक्टरांना चिठ्ठी लिहिण्याआधी सांगावे, पाण्यात विरघळणारी गोळी लिहून देता येते. मागच्या आजारातले उरलेले सिरप देऊ नये.

रात्रभर रडलेले बाळ पहाटे एकदम शांत झाले, ताप उतरला आणि उशीवर पिवळसर, कधी रक्ताचा अंश असलेला डाग दिसला, तर कान फुटला असे समजावे. आपल्याकडचा हा शब्द अगदी नेमका आहे. पडद्याला बारीक भोक पडते, पू बाहेर येतो आणि ताण सुटल्याने वेदना थांबते. घाबरण्यासारखे नाही, असे भोक बहुतेक वेळा थोड्या दिवसांत भरून येते. पण बरे वाटले म्हणून दाखवायचे टाळू नये, आणि कान ओला राहू देऊ नये. ओल्या पुवात बाहेरचे जंतू वाढतात आणि मग हाच कान वर्षानुवर्षे वाहत राहतो.

कान कोरडा करायची पद्धत सोपी आहे, फक्त नेटाने करावी लागते. धुऊन उन्हात वाळवलेले जुने सुती धोतर किंवा लुगडे घ्यावे. चार बोटे लांब, दोन बोटे रुंद तुकडा फाडून घट्ट वळावा, निरांजनाची वात वळतात तसा, टोकाला निमुळता. इथे कापसाची वात नको, तिचे धागे कानात राहतात. वळण्याआधी हात साबणाने धुवावेत. बाळाच्या कानाची पाळी हलकेच खाली आणि मागे ओढली की तान्ह्याची कानाची वाट सरळ होते. वातीचे टोक सहज जाईल तितकेच आत ठेवावे, ढकलू नये. ती ओली झाली की काढून टाकावी आणि दुसरी घालावी. टोक कोरडे बाहेर येईपर्यंत चार-पाच वाती लागतात. दिवसातून निदान तीनदा हे करावे. वापरलेली वात पुन्हा नको. आगपेटीची काडी, केसांचा आकडा आणि कापूस लावलेल्या काड्या कानाजवळ आणू नयेत.

कानात कायमचा बोळा घालू नये, त्यामागे पू अडकतो. फक्त अंघोळीपुरता व्हॅसलीन लावलेला कापूस कानाच्या तोंडाशी ठेवावा आणि लगेच काढावा. अंघोळ घालणाऱ्या बाईंना हे आधी सांगून ठेवावे.

दोन आठवडे उलटून कान वाहतच असेल तर पोटातल्या औषधापेक्षा कानातल्या थेंबांचा उपयोग जास्त. सिप्रोफ्लॉक्सॅसिन किंवा ओफ्लॉक्सॅसिनचे थेंब वातीने कान कोरडा केल्यावर घालावेत, आधी नव्हे, नाही तर ते पुवावरच तरंगतात. बाटली दोन-तीन मिनिटे मुठीत धरून कोमट करावी, गार थेंबांनी बाळाला चक्कर येते. थेंब घातल्यावर कानाच्या तोंडासमोरचा छोटा उंचवटा बोटाने चार-पाचदा दाबावा म्हणजे औषध आत उतरते. कपाटातली जुनी डोळ्या-कानाची बाटली मात्र वापरू नये. जेंटामायसिन, निओमायसिन अशी औषधे फुटक्या पडद्यातून आतल्या कानात गेली तर ऐकण्याच्या नाजूक पेशींना इजा करू शकतात, आणि ती इजा भरून येत नाही.

कानामागे लाल, दुखरी सूज येऊन कान पुढे ढकलल्यासारखा दिसणे, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणे, डोक्यावरची टाळू फुगणे, झटके, बाळ सुस्त पडणे किंवा काहीच न पिणे: यांपैकी एकही दिसले तर १०८ ला फोन करून बाळाला थेट मोठ्या रुग्णालयात न्यावे. तिथे कान-नाक-घसा आणि बालरोग हे दोन्ही विभाग असले पाहिजेत.

याहून हळू होणारे नुकसान आमच्या मते अधिक मोठे आहे, कारण ते दिसत नाही. ताप गेला, ठणका गेला, तरी पडद्यामागचे पाणी लगेच आटत नाही. दोन आठवड्यांनी ते निम्म्याहून अधिक मुलांत असते, महिन्याने दहातल्या चौघांत. तीन महिन्यांनंतरही काहींत उरते. तोवर बाळ ऐकते ते कानावर हात ठेवून ऐकावे तसे. मोठा आवाज कळतो, दार वाजले की दचकते, म्हणून ऐकू येते अशी घरच्यांची खात्री असते. पण बोलण्यातले बारीक आवाज निसटतात आणि बोलणे लांबते.

आपल्या भागात अशा मुलाविषयी एक ठरलेले उत्तर मिळते: घरात मराठी, अंगणवाडीत कन्नड, म्हणून पोर गोंधळलेय, बोलेल हळूहळू. दोन भाषांनी मूल मुके राहत नाही. दोन्ही भाषांतले शब्द मिळून मोजावेत. 'पाणी' आणि 'नीरू' हे दोन शब्द धरावेत. असे मोजूनही वर्ष-सव्वा वर्षात एकही अर्थपूर्ण शब्द नाही, किंवा दोन वर्षांचे झाले तरी 'आई ये' असे दोन शब्द जोडता येत नाहीत, तर भाषेला बोल न लावता कान तपासावेत. कानाचे दुखणे एकदा होऊन गेलेल्या बाळाला तीन महिन्यांनी पुन्हा दाखवावे, आणि तेव्हाही पाणी असेल तर ऐकण्याची चाचणी करून घ्यावी. ही चाचणी तान्ह्या बाळाचीही होते, त्याने उत्तर द्यावे लागत नाही.

दुखणे मुळात कमी कसे होईल? पहिले सहा महिने केवळ अंगावरचे दूध. बाटली द्यावीच लागली तर डोके उंच धरून. उशीला टेकवलेली बाटली तोंडात देऊन आडवे निजवले की दूध घशातून त्या आडव्या नळीत शिरते. बोंडले किंवा वाटी-चमचा असला तरी डोके उंचच हवे. दुसरे, धूर. अंघोळीनंतर ओवा-वेखंडाची धुरी, चुलीचा धूर आणि घरातल्या माणसाची विडी-सिगारेट, तिन्ही नाक-घशाचे अस्तर सुजवतात. निपाणीकडे तंबाखू हा पोटापाण्याचा विषय आहे, तो आम्ही जाणतो. विनंती एवढीच की बाळ असलेल्या घरात ती ओढली जाऊ नये. नाक चोंदले तर पाजण्याआधी मिठाच्या पाण्याचे, म्हणजे सलाइनचे, दोन-दोन थेंब नाकात घालावेत. नाकात तेल मुळीच सोडू नये, ते फुप्फुसात उतरते. सर्दीच्या सिरपने कान बरा होत नाही. अशा सिरपांतले क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिनचे मिश्रण चार वर्षांखाली देऊ नये असा इशारा बाटलीवर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२३ च्या डिसेंबरमध्ये दिला आहे.

लसींत न्यूमोकोकल लस या दुखण्याशी सरळ जोडलेली आहे. २०२१ पासून ती देशभर सरकारी लसीकरणात मोफत आहे: ६ आठवडे, १४ आठवडे आणि ९ महिने. गोवरानेही कान फुटतात, म्हणून ९ महिन्यांची आणि १६ ते २४ महिन्यांची गोवर-रुबेला लस चुकवू नये. सीमाभागात बाळंतपण माहेरी होते, कधी गडहिंग्लजला, कधी चंदगडला, आणि परतल्यावर मधले डोस राहून जातात. वेळापत्रक महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्ही राज्यांत एकच आहे. पहिला डोस तिकडे झाला असला तरी पुढचा इथे मिळतो, कार्ड तेवढे सोबत हवे.

शेवटी प्रशासनाकडे दोन मागण्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत येतात तेव्हा प्रत्येक मुलाच्या कानात ओटोस्कोपने पाहिले जावे, आणि प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात चालू स्थितीतला ओटोस्कोप असावा. आणि कान कोरडा करण्याच्या, औषध मोजण्याच्या सूचना कन्नडबरोबर मराठीतही छापून आशाताईंच्या हाती द्याव्यात. कन्नडमध्ये 'किवी' म्हणजे कान आणि 'कीवू' म्हणजे पू. खानापूरच्या खेड्यातून आलेली, मराठीच समजणारी आई डॉक्टरांसमोर या दोन शब्दांत अडखळते, मान डोलावते आणि घरी जाऊन पुन्हा तेलाची पळी हाती घेते. तोवर तिने दवाखान्यातून निघण्याआधी चार गोष्टी मराठीतून विचारून कागदावर लिहून घ्याव्यात: कोणते औषध, किती मिलिलिटर, किती दिवस आणि परत कधी यायचे.

आपले,
बेळगाव-खानापूर भागात बालरोग व कान-नाक-घसा विभागांत काम करणारे काही डॉक्टर आणि परिचारिका